पाय की टाऊ: वर्तुळाचा स्थिरांक बदलणे योग्य ठरेल का?

प्रश्न : दांडियाबाजार

गुजरात बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी वडोदऱ्यात गणित शिकवतो. अंशांकडून रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापाकडे वळण्याचे प्रकरण आले की वर्ग नेहमी एकाच ठिकाणी अडखळतो, आणि त्याचे कारण मुलांच्या आळसात नसून आपल्या लेखनपद्धतीत आहे, असे मला अलीकडे अधिकाधिक वाटू लागले आहे. पूर्ण फेरा म्हणजे दोन पाय रेडियन. त्यामुळे अर्ध्या फेऱ्याला पाय, पाव फेऱ्याला पाय भागिले दोन आणि फेऱ्याच्या आठव्या भागाला पाय भागिले चार असे लिहावे लागते. वर्तुळाचा आठवा भाग डोळ्यांसमोर असताना कागदावर मात्र चार हा छेद मांडायचा, ही पायरी आपण शिक्षक मंडळी इतकी वर्षे चढत आलो आहोत की ती आहे हेही आपल्याला जाणवत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र ती प्रत्येक उदाहरणात ठेच लावते.

परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराऐवजी परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर, म्हणजे ६.२८३१८५…, हा मूळ स्थिरांक मानावा, ही सूचना आता नवी राहिलेली नाही. यूटा विद्यापीठातील गणितज्ञ बॉब पॅले यांनी २००१ साली ‘पाय चुकीचा आहे’ अशा रोखठोक मथळ्याचा लेख लिहून ती मांडली आणि मायकेल हार्टल यांनी २८ जून २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात त्या गुणोत्तराला टाऊ हे ग्रीक अक्षर दिले. (तारीख अर्थातच ६.२८ वरून निवडलेली आहे, जशी १४ मार्च पायच्या वाट्याला आली.) पायचे मूल्य चुकले आहे, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही, दोन गुणोत्तरांपैकी भलत्याची निवड झाली, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

तत्त्वतः मला ते पटते. एका बिंदूपासून सारख्या अंतरावरील बिंदूंचा संच अशी वर्तुळाची व्याख्या आपण करतो, ते अंतर म्हणजे त्रिज्या, आणि रेडियन हे एककही त्रिज्येएवढ्या कंसावरूनच ठरते. मग या साऱ्यात व्यासाला जागा कोठून मिळाली, याचे उत्तर मुलांना देता येत नाही. मन थबकते ते क्षेत्रफळापाशी. पाय आर वर्ग हे सूत्र इतके सुटसुटीत आहे की त्याच्या जागी ‘एक द्वितीयांश टाऊ आर वर्ग’ लिहायला लावणे हा तोट्याचा सौदा वाटतो.

परीक्षेचा मुद्दा येथे नको, कारण बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत पायच असणार हे उघड आहे. ज्यांचे पोटच वर्तुळावर चालते त्यांच्या कामात यातले कोणते गुणोत्तर खरोखर हाताशी येते, आणि टाऊ शिकवणे, निदान पायच्या जोडीने शिकवणे, योग्य होईल का, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : मकरपुरा मशीनशॉप

सर, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचे लेथ आणि बोरिंगचे काम चालते, त्यामुळे ‘वर्तुळावर पोट’ हे वर्णन आम्हाला तंतोतंत लागू पडते. वर्तुळाची व्याख्या त्रिज्येने होते, हे कागदावर खरे आहे, कारण कागदावर कंपासचे टोक आधी टेकते आणि वर्तुळ नंतर उमटते. आमच्याकडे येणारा रॉड गोल होऊनच येतो आणि त्याचा मध्यबिंदू कोठेही खूण करून ठेवलेला नसतो. व्हर्नियर असो की मायक्रोमीटर, त्याचे दोन जबडे समोरासमोरच्या दोन बाजूंना टेकतात आणि जे माप हाती येते ते व्यासाचे असते. त्रिज्या मोजता येत नाही, ती व्यासाची निम्मी करून मिळवावी लागते. म्हणून आमची सगळी सूत्रे व्यासावर बेतलेली आहेत. कटिंग स्पीड काढायचा तर पाय गुणिले व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले हजार. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॉबला, म्हणजे कापायच्या वस्तूला, मिनिटाला ३० मीटरचा वेग हवा असेल तर लेथ सुमारे १९१ फेऱ्यांवर लावावी लागते. या हिशेबात टाऊ घातला तर प्रत्येक वेळी दोनाने भागावे लागेल, म्हणजे आपल्या वर्गातली ठेच आमच्या शॉपमध्ये येऊन बसेल.

मोठ्या व्यासाच्या टाक्या आणि रिंगा मोजायला पाय टेप नावाची पोलादी पट्टी असते, तिचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. ती जॉबभोवती गुंडाळायची आणि थेट व्यास वाचायचा, कारण तिच्यावर एक मिलिमीटर म्हणून आखलेले अंतर प्रत्यक्षात ३.१४१६ मिलिमीटर असते. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ही कोणा गणितज्ञाची लहर आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही पट्टी एकदा हातात घेऊन पाहावी.

ड्रॉइंग काढण्याचा संकेतही या वादात उपयोगी पडेल. पूर्ण वर्तुळाचे माप ड्रॉइंगवर व्यासाने देतात, पण कोपऱ्याची गोलाई किंवा अर्धवट कंस असेल तर त्याचे माप त्रिज्येने देतात, कारण कंसाला समोरची बाजूच नसते. म्हणजे आमच्या व्यवसायाने दोन्ही मापे ठेवली आहेत आणि कोणते कोठे वापरायचे हे मोजण्याच्या सोयीवरून ठरवले आहे.

आणखी एक अडचण अक्षराची. शाफ्टला पीळ बसतो तेव्हा त्यातला शिअर स्ट्रेस, म्हणजे पिळाने आत येणारा ताण, आम्ही टाऊ या अक्षरानेच लिहितो: टाऊ बरोबर सोळा टी भागिले पाय डी घन, ज्यात टी म्हणजे टॉर्क, पिळणारा जोर, आणि डी म्हणजे व्यास. हार्टल यांचे ऐकले तर हेच सूत्र ‘टाऊ बरोबर बत्तीस टी भागिले टाऊ डी घन’ असे होईल. डावीकडचा टाऊ वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. डिप्लोमाच्या मुलाने ते दोन्ही टाऊ एकाच बाजूला घेऊन वर्गमूळ काढले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

उत्तर : कोअर आणि कॉइल

मशीनशॉपवाल्यांचा व्यासाचा मुद्दा मान्य आहे, परंतु तो वस्तू मोजणाऱ्याचा मुद्दा आहे. आमच्या क्षेत्रात वर्तुळ दिसतच नाही आणि तरीही दोन पाय जागोजागी भेटतो. माझी बरीच वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनमध्ये गेली. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण आवर्तने, आणि एका आवर्तनाला दोन पाय रेडियन, म्हणून कोनीय वारंवारता ३१४.१६. (आपल्याकडच्या ५० मुळे हा आकडा शंभर पायसारखा दिसतो आणि त्यात पाय एकदाच आला आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो, अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्याने तिकडे ३७७ येतात आणि असा भास होत नाही.) दोलकाचा आवर्तकाल, कॉइलचा रिअॅक्टन्स, रेझोनन्सची वारंवारता, या सर्व ठिकाणी जो दोन पाय येतो तो ‘एक पूर्ण आवर्तन’ एवढेच सांगत असतो आणि व्यासाशी त्याचा काहीही संबंध नसतो. तेथे टाऊ लिहिला तर अर्थ अधिक स्पष्ट होतो, हे मी निःसंकोच सांगतो.

तरीही डिझाइनच्या टेबलावर कोणी टाऊ मागितल्याचे मला आठवत नाही, आणि त्याचे कारण मजेदार आहे. ट्रान्सफॉर्मरचे मूळ समीकरण म्हणजे व्होल्टेज बरोबर ४.४४ गुणिले वारंवारता, गुणिले वाइंडिंगचे फेरे, गुणिले कमाल चुंबकीय फ्लक्स. यातला ४.४४ म्हणजे दोन पाय भागिले दोनाचे वर्गमूळ. साइन लहरीचे विकलन करताना दोन पाय आला, कमाल मूल्यावरून आरएमएस, म्हणजे परिणामी, मूल्य काढताना वर्गमूळ आले आणि दोन्ही मिळून एक आकडा तयार झाला. वाइंडिंगचे फेरे ठरवणाऱ्या माणसाच्या लेखी पाय नाही आणि टाऊही नाही, त्याला ४.४४ पाठ आहे. भौतिकशास्त्रज्ञांनीही निराळ्या रीतीने हेच केले. प्लांकच्या स्थिरांकाला दोन पायने भागून त्यांनी एच-बार हे स्वतंत्र चिन्ह घेतले आणि पायला हात न लावता वारंवार येणारा दोन पाय नजरेआड केला.

असा बदल आजवर कधी यशस्वी झाला आहे का, हा प्रश्न येथे कोणी विचारला नाही, परंतु उत्तर माझ्या विषयातच आहे म्हणून देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत आणि चुंबकत्वाच्या समीकरणांत चार पाय नको तेथे येत असे. दोन सपाट पट्ट्यांचा कपॅसिटर घ्या. त्यात कोठेही गोलाकार नाही, तरी त्याची धारिता क्षेत्रफळ भागिले चार पाय अंतर अशी लिहावी लागे. उलट एका बिंदूभोवती सर्व दिशांना पसरणाऱ्या बलाच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने गोलीय असलेल्या कूलंबच्या नियमात मात्र चार पाय नव्हता. ब्रिटिश विद्युततज्ज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी याविरुद्ध कडक भाषेत लिहिले आणि एककेच अशी बदला की चार पाय गोलाच्या सूत्रात जाईल आणि सपाट पट्ट्यांच्या सूत्रातून निघेल, असा आग्रह धरला. इटालियन अभियंते जोवान्नी जॉर्जी यांनी १९०१ साली मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांना एका विद्युत एककाची जोड देणारी, याच तत्त्वावरची पद्धत सुचवली. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ती १९३५ मध्ये स्वीकारली आणि चार पायची ही फेरमांडणी १९५० मध्ये मान्य केली. हेविसाइड १९२५ सालीच वारले होते.

बदल झाला तो त्यात विद्युत अभियंत्यांची रोजची सोय होती म्हणून, आणि तरीही अर्धे शतक लागले. जुनी पद्धत तेवढ्याने गेलीही नाही. कोअरची फ्लक्स डेन्सिटी १.७ टेस्ला असे आम्ही लिहितो आणि तोंडाने ‘सतरा हजार गॉस’ म्हणतो; चुंबकीय क्षेत्राचे जुने एकक ओर्स्टेड आजच्या एसआय पद्धतीत आणायचे तर अजून ७९.५८ ने गुणावे लागते, आणि त्या ७९.५८ मध्ये जुना चार पाय दडून बसलेला आहे. म्हणून माझे मत असे की टाऊचा पक्ष तर्काने बरोबर आहे, परंतु दोन पाय लिहिण्याचा त्रास चार पायच्या त्या त्रासाइतका मोठा नाही आणि तो होईपर्यंत कोणी बदलणार नाही.

उत्तर : अलकापुरी_कोड

सॉफ्टवेअरमध्ये हा बदल झालेला आहे आणि त्यासाठी अर्धे शतक थांबावे लागले नाही, एवढे ‘कोअर आणि कॉइल’ काकांच्या लक्षात आणून देतो. पायथनच्या गणिताच्या मोड्यूलमध्ये ३.६ या आवृत्तीपासून टाऊ आहे आणि जावामध्ये तो १९ व्या आवृत्तीत आला. पाय काढला नाही, टाऊ जोडला. ज्याला जो हवा तो त्याने वापरावा.

परंतु प्रत्यक्ष काम करताना असे दिसते की संगणकाला दोन्ही सारखेच नकोसे आहेत. पाय ही अपरिमेय संख्या असल्यामुळे ती मेमरीत नेमकी मावत नाही, आणि म्हणून पायथनला पायचा साइन विचारला तर शून्य न येता ०.०००००००००००००००१२ च्या आसपासचा आकडा येतो. टाऊ घेतल्याने ही चूक जात नाही. ती जाते कोन फेऱ्यांच्या अपूर्णांकात ठेवल्याने: पाव फेरा म्हणजे ०.२५, आणि ही संख्या संगणकात अगदी अचूक बसते. आयईईई ७५४ या फ्लोटिंग-पॉइंट अंकगणिताच्या, म्हणजे संगणकात अपूर्णांक साठवण्याच्या पद्धतीच्या, मानकाने २००८ पासून ‘पायपटीचा साइन’ देणारी फलने शिफारस म्हणून दिली आहेत, ती याचसाठी. त्यांना अर्ध्या फेऱ्याच्या पटीत कोन द्यायचा आणि पायने गुणण्याचे काम आतल्या आत व्हायचे. (तेथेही एकक अर्धा फेराच निवडला गेला, हे टाऊवाल्यांचे दुर्दैव.)

उत्तर : निवृत्त अध्यापक, प्रतापनगर

प्रश्नकर्त्यांची शंका क्षेत्रफळाविषयीची आहे आणि तिचे उत्तर कोणीच दिले नाही, म्हणून तेथूनच आरंभ करतो. एक द्वितीयांश टाऊ आर वर्ग हे सूत्र ओबडधोबड नाही. वर्तुळ म्हणजे एकात एक बसलेल्या बारीक कड्यांचा समूह मानला आणि प्रत्येक कडे उलगडून सरळ पट्टी करून एकाखाली एक ठेवले, तर त्रिकोण तयार होतो. त्याचा पाया परिघाएवढा आणि उंची त्रिज्येएवढी. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे, म्हणून टाऊ आर गुणिले आर याच्या निम्मे. बारावीचा विद्यार्थी जेव्हा मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे अंतर एक द्वितीयांश जी टी वर्ग, गतिज ऊर्जा एक द्वितीयांश एम व्ही वर्ग आणि स्प्रिंगची ऊर्जा एक द्वितीयांश के एक्स वर्ग असे लिहितो, तेव्हा तो ‘एक द्वितीयांश’ नेमका याच कारणाने येतो: समप्रमाणात वाढणाऱ्या राशीचे समाकलन. पाय आर वर्ग या सूत्रात तो नाहीसा झालेला नाही, पायच्या पोटात गेला आहे. आर्यभटांनी वर्तुळाचे क्षेत्रफळ अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास असे सांगितले, तर भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परीघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश असे, दोघांनाही क्षेत्रफळासाठी कोणताच स्थिरांक लागला नाही, कारण परीघ एकदा काढला की स्थिरांकाचे काम संपते.

आपल्या परंपरेत या गुणोत्तराला चिन्हही नव्हते आणि नावही नव्हते; दोन राशी शेजारी ठेवल्या जात. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटांनी वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असा दिला आणि तो ‘आसन्न’ आहे, म्हणजे जवळपासचा आहे, हे त्याच श्लोकात नोंदवले. वीस हजार व्यास म्हणजे दहा हजार त्रिज्या, ६.२८३२ हे अंक त्या श्लोकात उघड दिसतात, ३.१४१६ साठी मात्र भागाकार करावा लागतो. समरकंदच्या अल-काशी यांनी १४२४ साली सोळा दशांश स्थळांपर्यंत जे गुणोत्तर काढले तेही परीघ आणि त्रिज्या यांचेच होते. यावरून आर्यभट टाऊचे पुरस्कर्ते होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांनी श्लोकात व्यासच घेतला आहे आणि भास्कराचार्यांनीही ११५० साली व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागण्याचा सूक्ष्म आणि बावीस सप्तमांशाचा व्यवहारी, असे दोन्ही नियम व्यासावरच दिले आहेत.

पाय हे चिन्ह आजच्या अर्थाने विल्यम जोन्स यांनी १७०६ साली वापरले आणि ऑयलर यांच्यामुळे ते सर्वत्र रुळले. ऑयलर यांनी १७२७ च्या एका निबंधात तेच अक्षर ६.२८ साठी वापरले होते, ही गोष्ट टाऊचे पुरस्कर्ते आवडीने सांगतात. त्यांनी सांगायला हवी ती दुसरी गोष्ट अशी की अल्बर्ट ईगल या इंग्रज गणितज्ञाने १९५८ साली टाऊ हेच अक्षर पायच्या निम्म्या संख्येसाठी सुचवले होते. एकाला पायची दुप्पट सोयीची वाटली, दुसऱ्याला निमपट. म्हणजे ‘नैसर्गिक’ स्थिरांक कोणता, याचे उत्तर तुम्ही कोणत्या प्रकरणात बसला आहात यावर अवलंबून आहे.

त्रिकोणाच्या आंतरकोनांची बेरीज पाय आहे, बाह्यकोनांची टाऊ. संख्याशास्त्राच्या प्रसामान्य वक्रात दोन पायचे वर्गमूळ येते, पण घातांकातला ‘भागिले दोन’ काढून टाकला तर तेथे पायचेच वर्गमूळ उरते. माधवांची श्रेणी, एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश अशी चालणारी, पायच्या चतुर्थांशाला जाते. ती फेऱ्याचा आठवा भाग आहे असे म्हटले तर ४५ अंशांचा कोन लगेच दिसतो, आणि या एका जागी मी टाऊच्या बाजूने मत देईन. ऑयलर यांच्या प्रसिद्ध समीकरणाची (ई चा आय पाय घात बरोबर वजा एक) जी तुलना दोन्ही पक्ष करतात ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. अर्धा फेरा घेतला की वजा एक, पूर्ण फेरा घेतला की एक, यात सौंदर्याची स्पर्धा कसली?

दोनाने गुणल्यामुळे एकही प्रमेय बदलत नाही. बदलेल ते वाचन. १७०६ पासून छापलेल्या ग्रंथांत पाय आहे आणि नवा विद्यार्थी फक्त टाऊवर वाढला तर त्याला ते सर्व वाचताना भाषांतर करावे लागेल. दोन्हीवर वाढला तर त्याचे ओझे दुप्पट होईल. म्हणून बदली नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : दांडियाबाजार

सर्वांचे आभार. अध्यापक महोदयांचा त्रिकोणाचा युक्तिवाद वर्गात फळ्यावर काढण्याजोगा आहे आणि क्षेत्रफळाची माझी शंका त्याने पूर्णपणे फिटली. ओझे दुप्पट होईल हे मात्र मला पटत नाही. मुले आजही अंश आणि रेडियन अशी दोन मापे शिकतातच, आणि टाऊ म्हणजे ‘एक फेरा’ हे कळायला नवे प्रकरण लागत नाही.

मशीनशॉपच्या उत्तराला एक प्रत्युत्तर द्यावेसे वाटते. व्यास मोजणे सोपे आहे म्हणून परिघाच्या सूत्रात पाय ठेवावा, हे मान्य. पण कोनाला व्यास नसतो. कंसाची लांबी त्रिज्या गुणिले कोन अशी येते, आणि आपणच सांगितल्याप्रमाणे कंसाचे माप ड्रॉइंगवरही त्रिज्येनेच देतात. त्यामुळे भूमितीत पाय आणि कोनमापनात फेरा, अशी विभागणी मला योग्य वाटते. यंदा रेडियनच्या आधी सगळे कोन फेऱ्याच्या अपूर्णांकात लिहून घेण्याचा विचार आहे: पाव फेरा, एक अष्टमांश फेरा, एक द्वादशांश फेरा. मग एका फेऱ्याला ६.२८ रेडियन असतात हे सांगायचे, आणि शेवटी या ६.२८ ला पुस्तकात दोन पाय लिहितात हे. टाऊ हे अक्षर फळ्यावर काढायचे की नाही, हे अजून ठरत नाही. शिअर स्ट्रेसच्या सूत्राने त्या बाबतीत मला बरेच सावध केले आहे.

प्रतिसाद : मकरपुरा मशीनशॉप

सर, कोनाला व्यास नसतो हे कबूल. त्या विभागणीसाठी आमच्याच कामातले एक उदाहरण देतो, ते अकरावीला चालेल. बेल्टच्या पुलीवर त्रिज्येच्या टोकाला बल लावले, तर एका पूर्ण फेऱ्यात ते बल दोन पाय आर एवढे अंतर चालते. बल गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क. म्हणून एका फेऱ्याचे काम दोन पाय गुणिले टॉर्क. येथला दोन पाय आम्हालाही फेऱ्याचाच वाटतो, व्यासाचा नाही. साडेसात किलोवॉटची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांनी चालत असेल, तर ७५०० वॉट गुणिले ६०, भागिले दोन पाय गुणिले १४४०, म्हणजे सुमारे ४९.७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो.

मोटरच्या कॅटलॉगमध्ये हेच ‘९५५० गुणिले किलोवॉट भागिले आरपीएम’ असे छापलेले असते, आणि ते ९५५० कोठून आले हे डिप्लोमा होऊन आलेल्या मुलांनाही क्वचितच सांगता येते. साठ हजार भागिले दोन पाय केले की ९५४९.३ येतात. हे उदाहरण मुलांकडून उलट्या दिशेनेही सोडवून घ्यावे, म्हणजे ९५५० देऊन त्यात दडलेला फेरा शोधायला सांगावा. कोअर आणि कॉइलवाल्यांचा ४.४४ सुद्धा बारावीच्या मुलांना याच रीतीने देता येईल.